नाल्याच्या काठाने भिंत बांधावी का? (नागपूर, पावसाळ्याआधी मतं हवीत)

अनुजा_नागपूर
नमस्कार मंडळी. प्रश्न आमच्या लेआउटपुरता (प्लॉट पाडून झालेल्या वसाहतीपुरता) आहे, पण तुमच्या शहरातही आज ना उद्या निघेल म्हणून इथे मांडते.

आम्ही पश्चिम नागपुरात, अंबाझरीच्या खालच्या अंगाला राहतो. बेचाळीस घरं. मागून नाला जातो, तो पुढे नाग नदीला मिळतो. २३ सप्टेंबर २०२३ ची पहाट नागपूरकरांना सांगायला नको. बाहेरच्यांसाठी थोडक्यात: काही तासांत शंभर मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडला, अंबाझरी तलाव भरून वाहिला आणि पाणी अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी करत पार सीताबर्डीपर्यंत घुसलं. मोरभवनच्या बसस्थानकात बसेस पाण्यात उभ्या होत्या.

आदल्या दिवशी आमच्याकडे महालक्ष्म्यांचं जेवण झालेलं. पन्नास पानं उठली. रात्री बारा वाजता आम्ही बायका आडव्या झालो, मोठी पातेली मागच्या अंगणात तशीच. साडेतीनला जाग आली ती पातेल्यांच्या आवाजाने. पाण्यावर तरंगत एकमेकांवर आपटत होती. लाइट गेलेली. सासूबाईंनी सगळ्यात आधी महालक्ष्म्यांचे मुखवटे उचलून माळ्यावर ठेवले. कागदपत्रांची पेटी खालीच राहिली. घरात तीन फूट पाणी.

आता समितीने ठरवलंय की नाल्याच्या काठाने आठ फुटी काँक्रीटची भिंत बांधायची. घरटी पासष्ट हजार वर्गणी, एकूण सत्तावीस लाखांच्या घरात जातं. बहुतेकांची तयारी आहे. यांचीही आहे.

माझं अडलंय ते एवढ्यावर. नाल्याच्या पलीकडे सत्तरेक घरांची वस्ती आहे, बहुतेक टिनाची. शोभाताई तिथूनच आमच्याकडे कामाला येतात. भिंतीचं कानावर गेल्यावर त्यांनी भांडी घासता घासता विचारलं, "मग आमच्या बाजूला किती येईल?" मला उत्तर देता आलं नाही. तुम्ही काय कराल?

तर्रीपोहा
मुखवटे वाचले, आधार कार्डं बुडाली. पंचनाम्याला महालक्ष्म्यांनाच पुढे करायचं होतं ना बाप्पा, त्यांना कोणी ओळखपत्र मागत नाही.

सिव्हिलवाला
ताई, शोभाताईंचा प्रश्न बरोबर आहे आणि त्याचं उत्तर आहे "जास्त". पुराचं पाणी दोन्ही काठांवर पसरायला बघतं. एक काठ बंद केलात की दुसऱ्या काठावर पातळी चढते. यात वाद घालण्यासारखं काही नाही.

पण ते बाजूला ठेवा, तुमच्या स्वतःच्या फायद्याचं बघा. नाल्याला पूर येतो तेव्हा तुमच्या लेआउटमध्येही तोच पाऊस पडत असतो. आज ते पाणी मागच्या बाजूने नाल्यात उतरतं. उद्या भिंत झाली की ते कुठे जाईल? भिंतीत पाईप ठेवाल, तर नाला चढल्यावर त्याच पाईपमधून उलटं आत येईल. झडप बसवलीत तर बाहेरचं थांबेल, पण आतलंही अडकेल. मग पंप लागतो, आणि त्या वेळी लाइट नसते, म्हणून डिझेल पंप. वर्षातून एक रात्र लागणारा पंप ऐन वेळी चालू होत नाही, हा माझा पंचवीस वर्षांचा अनुभव. थोडक्यात सत्तावीस लाखांत तुम्ही स्वतःला टाक्यात बसवून घेताय.

आणखी एक. नाल्याचा काठ तुमच्या समितीच्या मालकीचा नाही. महापालिकेच्या परवानगीशिवाय तिथे वीटसुद्धा ठेवता येत नाही. आपल्या राज्यात नदीला दोन पूररेषा आखतात: साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी आणि शंभर वर्षांतून एकदाच्या पुराची लाल. तुमचा प्लॉट त्यात कुठे बसतो ते आधी बघा. लेआउटमधल्या किती जणांनी घर घेताना हा नकाशा पाहिला होता?

अनुजा_नागपूर
@सिव्हिलवाला, शून्य. आम्ही घर घेताना मुख्य दाराची दिशा पाहिली होती.

स्पष्टवक्ता
सगळे गोड बोलून राहिले, मी कडू बोलतो. पलीकडची वस्ती हे अतिक्रमण आहे. नाल्यात घरं बांधायची आणि पाणी आलं की मदत मागायची. तुम्ही टॅक्स भरता, कर्जाचे हप्ते भरता. आधी आपलं घर वाचवा. बांधा भिंत.

अर्धा_गुंठा
@स्पष्टवक्ता भाऊ, नागपुरात अतिक्रमण कोणाचं यावर फार खोलात जाऊ नका, अर्धं शहर निघेल. शेतीचे तुकडे पाडून प्लॉट विकले, लोकांनी घरं बांधली, मग २००१ च्या गुंठेवारी कायद्याने पैसे भरून नियमित करून घेतली. '१९०० लेआउट' आणि '५७२ लेआउट' ही अशाच लेआउटांच्या गटांची नावं इथल्या माणसाला पाढ्यांसारखी पाठ आहेत. आमचा त्यातलाच. आमच्या गल्लीत म्हातारी माणसं सांगतात की तिसरा प्लॉट म्हणजे पूर्वीचा ओढा. आज तिथे दोन मजली बंगला आहे, आणि दर पावसाळ्यात पाणी बरोबर त्याच बंगल्याचं फाटक ठोठावतं. पाण्याला सातबारा पाठ असतो.

फरक इतकाच की आमच्याकडे पावती आहे आणि वस्तीकडे नाही.

सिमेंट_रोडग्रस्त
हे भिंतीचं राहू द्या, आमच्याकडे नाला नाही, नदी नाही, तरी पाणी घरात. कारण रस्ता. जुना डांबरी रस्ता न खोदता त्यावर सिमेंटचा थर चढवला. पूर्वी मी दोन पायऱ्या चढून घरात जायचो, आता दोन उतरून जातो. माझं जोतं हललं नाही, शहर वर गेलं. रोडच्या कडेला पावसाळी नाली केली आहे, पण तिचं तोंड माझ्या अंगणाहून वर. म्हणजे नालीत पाणी जायचं तर आधी माझ्या घरात भरायला हवं. हे मी तक्रारीत लिहिलं होतं, शिक्का मारून परत आलं.

पैठणी_नव्हे_करवती
+१ सिमेंट रोड. आमच्याकडे तर सोसायटीने फाटकाला फूटभर उंबरठा केला. आता पाणी येत नाही आणि आजीही बाहेर जात नाही.

तर्रीपोहा
अरे २०१८ विसरले का तुम्ही लोक? पावसाळी अधिवेशन हौसेने नागपुरात घेतलं, आणि ६ जुलैला विधानभवनाच्या वीजयंत्रणेतच पाणी शिरलं. सभागृहात अंधार, कामकाज तहकूब. जिथे राज्याचे कायदे होतात तिथे मोबाईलचे टॉर्च लागले होते. आणि तुम्ही एका अंगणाची तक्रार करून राहिले.

मूळचा_मोवाडचा
मी सहसा लिहीत नाही, नुसता वाचतो.

आमचं गाव मोवाड, नरखेड तालुका, वर्धा नदीच्या काठी. ३० जुलै १९९१ ला नदी गावात आली. २०४ माणसं गेली. माझा जन्म नंतरचा, नव्या वसवलेल्या गावातला. पण आमच्याकडे वय सांगताना अजून "पुराआधी दोन वर्षं", "पुरानंतर चार" असंच सांगतात.

आई म्हणते, पाणी वाढतंय हे खालच्या आळीला आधी कळलं होतं. वरच्या आळीतल्यांना वाटलं, दर साली येतं तसंच असेल, ओसरेल. बाबा लुगड्याला लुगडं बांधून केलेला दोर धरून तिसऱ्या घरापर्यंत गेले आणि तिथून पुढे जाता आलं नाही. पुढच्या घराचं ते कधी बोलले नाहीत.

भिंतीबद्दल मला तांत्रिक काही कळत नाही. तुमच्या लेआउटला पाणी वाढल्याचं कोण सांगणार, एवढंच मी विचारेन. कारण बेचाळीस घरं झोपलेली होती आणि पातेल्यांनी उठवलं, असं तुम्हीच लिहिलंय.

अनुजा_नागपूर
@मूळचा_मोवाडचा, दादा, तुमचा प्रतिसाद घरात सगळ्यांना वाचून दाखवला. सासूबाई बराच वेळ गप्प होत्या.

स्पष्टवक्ता
मोवाडची गोष्ट वेगळी, ती मोठी नदी. नाल्याची बरोबरी होत नाही.

पुणेकर_परदेशी
नाला म्हणून हलक्यात घेऊ नका हो. आमच्याकडे पानशेतची आठवण सगळे काढतात, पण २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्यात जो हाहाकार झाला तो मुळा-मुठेने नाही, आंबिल ओढ्याने केला. ओढा! एरवी त्यात कोणी ढुंकून बघत नाही. आणि त्या रात्री अरण्येश्वरच्या भागात माणसं गेली ती भिंत कोसळून. पाणी एका बाजूला साचून भिंत ढकलतं, पलीकडच्याला काही दिसत नाही, आणि मग सगळं एकदम येतं. आठ फुटी भिंतीच्या पलीकडे टिनाची घरं आहेत हे वाचून मला तेच आठवलं.

(पुणेकर असून नागपूरला सल्ला दिल्याबद्दल दिलगीर आहे.)

तर्रीपोहा
माफ केलं. दुपारी एक ते चार सोडून कधीही सल्ला द्या.

उन्हाळी_वऱ्हाडी
विषयाला थोडा फाटा फोडतो. तुम्ही सगळे पाणी पाणी करताय. पाणी दहा वर्षांतून दोनदा येतं. ऊन दर वर्षी तीन महिने असतं. मी आरोग्याच्या कामात आहे, वस्त्यांमधून फिरतो. टिनाच्या खोलीत मे महिन्यात रात्री अकरा वाजता हात लावून बघा भिंतीला. दिवसभर माणूस सहन करतो, पण रात्रीही अंग थंड झालं नाही की तिसऱ्या-चौथ्या दिवशी म्हातारं माणूस कोसळतं. कागदावर मात्र हार्ट अटॅक, नाहीतर "आजारी होते". उष्माघात लिहिलाच जात नाही, म्हणून आपत्ती दिसत नाही.

अहमदाबादला २०१० मध्ये भयंकर लाट आली, त्यातून शिकून त्यांनी २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा केला. नागपूरने २०१६ पासून तसाच घेतला. हवामान खातं आधी सांगतं, महापालिका दवाखान्यांत थंड खोल्या ठेवते, बागा दुपारी उघड्या ठेवते, सिग्नलवर हिरव्या जाळ्या लागतात. चांगलंच आहे. पण सिग्नलवर माणूस दीड मिनिट उभा असतो आणि टिनाखाली आठ तास झोपतो.

टिनाच्या छपराला पांढरा चुना मारला तरी आतला ताव कमी होतो. एका खोलीला चुना किती लागतो हो? भिंतीच्या सत्तावीस लाखांत अख्खं दक्षिण नागपूर पांढरं होईल.

पैठणी_नव्हे_करवती
२०२४ च्या मे अखेरीस रामदासपेठेच्या स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले होते ते आठवतं का? आमच्या ग्रुपवर "जगात नागपूर पहिलं" म्हणून पेढे वाटायचे बाकी होते. मग कळलं सेन्सर बिघडलेलं.

तर्रीपोहा
सेन्सरलाच ऊन लागलं होतं. खिशात कांदा नव्हता ठेवला.

कूलरवाली
उन्हाळ्याचा विषय निघालाच आहे तर एक सांगू द्या, अवांतर वाटलं तरी. विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरच्या शॉकने माणसं जातात. पेपरात आतल्या पानावर चार ओळी येतात. आपण याला आपत्ती म्हणत नाही, कारण एका वेळी एकच जातो.

आमच्याकडे लोखंडी कूलर होता. आई ओल्या पायाने, चालू कूलरमध्ये पाईपने पाणी भरायची. चिमटा बसायचा तर म्हणायची, "मुंग्या येतात." दोन वर्षं मुंग्या येत होत्या. एका दुपारी हात चिकटला. भाऊ घरी होता, त्याने लाकडी पाटाने हात सोडवला, म्हणून आई आहे. नंतर इलेक्ट्रिशियन आला तर तीन पिनच्या सॉकेटमध्ये तिसरी वायर जोडलेलीच नव्हती. अर्थिंग नुसतं दिसायला.

पाणी भरताना बटण नाही, पिन काढा. आणि मीटरजवळ गळती ओळखून लाइट तोडणारा ३० मिलिअँपचा ब्रेकर बसवून घ्या. पुरातही तोच कामी येतो.

सिव्हिलवाला
@कूलरवाली, अजिबात अवांतर नाही. पुरातही पाण्यात उतरलेल्या विजेने माणूस जातो. तळमजल्यावरचे मीटर आणि मेन स्विच छातीच्या वर उचलून घेणं हे भिंतीच्या वर्गणीच्या एका तुकड्यात होतं.

संपादक_मंडळ
अंबाझरीच्या सांडव्याजवळच्या पुतळ्यावरून (तो पाण्याला अडथळा ठरतो का या वादावरून) आलेले काही प्रतिसाद काढले आहेत. तो विषय उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे गेलेला आहे, इथे पक्षांची उणीदुणी नकोत. धागा चांगला चाललाय, चालू द्या.

निवृत्त_१०१
अग्निशमनात तेहतीस वर्षं काढली. आता घरी बसून तुमचे धागे वाचतो.

नागपूरची गंमत बघा. देशभरच्या फायर ऑफिसरांना शिकवणारं राष्ट्रीय अग्निशमन महाविद्यालय आपल्या शहरात. नागरी संरक्षणाचं राष्ट्रीय महाविद्यालय १९५७ मध्ये सुरू झालं तेही आपल्याच शहरात. हवामान खात्याचं प्रादेशिक केंद्र सोनेगावला. म्हणजे देशाला पोहायला शिकवणारे सगळे इथे, आणि आपण दारात पाणी आलं की मोबाईल घेऊन व्हिडिओ काढतो.

तुमच्या लेआउटसाठी, क्रम जसा आठवतो तसा लिहितो. वाहतं पाणी घोट्याच्या वर आलं की तरण्या माणसाचाही पाय सुटतो. दोन फुटांत कार तरंगते, म्हणून कार वाचवायला कोणी खाली जायचं नाही. नरेंद्रनगरच्या पुलाखाली दर पावसाळ्यात कोणी ना कोणी गाडी घालतंच, त्याला वाटतं आपली गाडी उंच आहे. बुडालेली गाडी नंतर चालू करून बघू नका, इंजिनात पाणी असतं, मग विमावालाही हात वर करतो. पाणी पुढच्या दारातून यायच्या आधी संडासातून येतं. गटार उलटं फिरतं. पोत्यात रेती भरून संडासाच्या भांड्यावर आणि मोरीच्या जाळीवर ठेवा, घाण पाणी बरंच थांबतं. सिलिंडरचा रेग्युलेटर काढून साखळीने बांधा, नाहीतर तो घरभर फिरतो.

आणि यादी करा. कोणत्या घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे, कोण एकटं राहतं, कोणाला ऐकू येत नाही. २०२३ ला शंकरनगरच्या मूकबधिर विद्यालयातली चाळीसेक मुलं बाहेर काढावी लागली. अंधारात तुम्ही हाका मारता, शिट्ट्या मारता, त्या मुलांपर्यंत काय पोहोचणार? तिथे आत जाऊन हात धरावा लागतो. ही यादी आमच्या खात्याकडे नसते, असूही शकत नाही. ती शेजाऱ्याकडेच असते.

अनुजा_नागपूर
काका, वाचनखूण साठवली, प्रिंटही काढली. रेतीच्या पोत्याचं कोणीच सांगितलं नव्हतं. आमच्याकडे सगळ्यात आधी संडासातूनच आलं होतं, लिहायला लाज वाटली.

भाडेकरू_नं_३
यादी करताना भाडेकरूंचीही करा. मी डागा लेआउटजवळ तळमजल्यावर भाड्याने होतो. पूर ओसरला, पंचनामा आला, सरकारने घरटी दहा हजारांची मदत जाहीर केली होती. नाव घरमालकाचं. घरमालक दुसऱ्या शहरात, त्याचं काही भिजलंच नाही. भिजलं माझं: फ्रिज, गाद्या, मुलीची दहावीची पुस्तकं. मी संबंधित कार्यालयात चार खेपा घातल्या. चौथ्या वेळी टेबलामागच्या माणसाने, शांतपणे हं, मला विचारलं, "तुम्ही तिथं राहत होते याचा पुरावा काय?" मी चिखलाचे बूट घातलेले होते.

तेव्हापासून भाडेकरार नोंदवतो आणि फोनमध्ये घराच्या प्रत्येक खोलीचा फोटो ठेवतो. तारखेसकट.

स्पष्टवक्ता
हे मात्र चूक झालं तुमच्यासोबत. याच्यात तुमच्या बाजूने आहे.

अलर्टग्रस्त
कोणी हवामान खात्याच्या सूचनांवर बोला ना. पिवळा, नारंगी, लाल. संत्रानगरीत वर्षातले दोन महिने ऑरेंज अलर्ट असतो, लोकांना तो ब्रँड वाटतो. २०२३ मध्येच सगळ्यांचे मोबाईल एकदम किंचाळले होते, आठवतं? उघडून पाहिलं तर "हा चाचणी संदेश आहे". पूर आला त्या पहाटे माझा फोन शांत झोपलेला होता.

उन्हाळी_वऱ्हाडी
'सचेत' नावाचं सरकारी ॲप आहे, विजांसाठी पुण्याच्या संस्थेचं 'दामिनी' आहे. दोन्ही ठेवा. पण अलर्ट जिल्ह्याचा असतो, तुमच्या नाल्याचा नसतो. "नागपूर जिल्ह्यात काही ठिकाणी" म्हणजे रामटेकही आणि तुमचं मागचं अंगणही.

रात्रपाळी_रायडर
नमस्कार. ताई कोणत्या नाल्याबद्दल बोलून राहिल्या ते मला बहुतेक समजलं. नाव घेत नाही. मी पलीकडच्या वस्तीतला आहे. रात्री जेवणाच्या ऑर्डरी पोहोचवतो. तुमच्या लेआउटमध्ये पण येतो, फाटकापर्यंत.

अतिक्रमण वगैरे वाचलं. माझे आजोबा आले तेव्हा तिथं झाडोरा होता आणि तुमचा लेआउट पण नव्हता. पण ते जाऊ द्या.

मोवाडवाल्या दादांनी विचारलं की पाणी वाढल्याचं कोण सांगणार. आमच्याकडे सांगतात. नाल्यावर जुना दगडी पूल आहे, त्याच्या खांबाचे दगड आम्ही मोजतो. पाणी तिसऱ्या दगडाला लागलं की पोरं जागी राहतात. पाचव्याला लागलं की म्हाताऱ्या आणि लेकरं उचलून शाळेच्या वऱ्हांड्यात. सातव्याला लागलं की ताट वाजवतो, मग कोणी काही घ्यायला मागे फिरत नाही. हे कोणी शिकवलं नाही, माझ्या आजीच्या वेळेपासून आहे.

त्या रात्री मी दोन वाजता घरी आलो तेव्हा पाणी चौथ्या दगडाला होतं. पावणेतीनला ताटं वाजवली. तुमच्या बाजूला साडेतीनला समजलं म्हणता. म्हणजे पाऊण तास आमच्याकडे बातमी होती. आम्ही ओरडलो पण, पण तुमच्या खिडक्या बंद, एसी चालू. आणि नंबर कोणाचाच नव्हता. फाटकावरच्या काकांचा होता, ते गावाला गेले होते.

आमची सत्तर घरं पाण्यात गेली, माणूस एकही गेला नाही.

भिंत बांधाल तर बांधा, आम्ही कोण अडवणार. पण पुलाच्या खांबाला चिकटून बांधली तर पाचवा दगड दिसणार नाही, एवढं बघा.

सिव्हिलवाला
लाखो रुपये घेऊन आम्ही ज्याला पूर्वसूचना यंत्रणा म्हणतो ती ही. खांबाचे दगड आणि ताट.

मूळचा_मोवाडचा
@रात्रपाळी_रायडर, भाऊ, नमस्कार.

तर्रीपोहा
माझ्याकडे जोक नाही.

निवृत्त_१०१
या पोराला 'आपदा मित्र'च्या प्रशिक्षणाला पाठवा. बारा दिवसांचं असतं, दोर, लाइफ जॅकेट, प्रथमोपचार शिकवतात, किट देतात. जिल्हा आपत्ती कक्षात चौकशी करा, १०७७ वर फोन लावा. आणि लेआउटमधून पण दोन पोरं पाठवा, नुसतं त्याच्यावर ढकलू नका.

स्पष्टवक्ता
मी भिंतीच्या बाजूनेच होतो आणि अजूनही संरक्षण हवं या मताचा आहे. पण पाऊण तासाचं वाचून... माझे वडील पॅरालिसिसचे आहेत, तळमजल्यावर असतात. पाऊण तासात मी त्यांना तीन वेळा वर नेलं असतं.

पाटपाणी
उशिरा आलो. एक मुद्दा सुटला म्हणून. नागपूरचा उतार पश्चिमेकडून पूर्वेकडे. नाग नदी लाव्हाच्या टेकड्यांकडून निघते, अंबाझरीतून शहरात शिरते, पारडीकडे बाहेर पडते आणि पुढे पिवळी नदीला घेऊन कन्हानला जाते. पश्चिमेच्या लेआउटांत आपण जेवढं अंगण फरशीने झाकतो, तेवढं पाणी पूर्वेच्या वस्त्यांना लवकर मिळतं. अंबाझरी १८७० चा. जुम्मा तलाव (आजचा गांधीसागर) त्याहूनही जुना, गोंड राजा चांद सुलतानाच्या वेळचा. ही भांडी होती, पाणी धरून ठेवायला. आपण भांडी गाळाने भरली आणि आता नळी बंद करायची म्हणतोय.

नालेसफाईचंही तेच. मे महिन्यात पोकलेन येतो, गाळ काढतो, काठावरच ढीग लावतो. जूनच्या पहिल्या सरीला ढीग परत आत. अनुजाताई, तुमच्या मागचा गाळ उचलला का, ते आधी बघा.

पैठणी_नव्हे_करवती
पुढच्या मारबतीच्या मिरवणुकीत या गाळाचा बडग्या (पुतळा) काढायला हवा. घेऊन जा गे मारबत!

अनुजा_नागपूर
दहा दिवसांनी लिहितेय. काल समितीची सभा झाली. पहिल्यांदाच वस्तीतल्या चौघांना बोलावलं होतं, शोभाताई आणि त्यांच्यासोबत तीन जण. खुर्च्या कमी पडल्या तर शोभाताई जमिनीवर बसायला निघाल्या. सासूबाईंनी हात धरून शेजारच्या खुर्चीवर बसवलं. पहिली दहा मिनिटं कोणालाच काय बोलावं सुचेना.

भिंत रद्द झाली असं म्हणणार नाही. "तूर्त स्थगित" असं वहीत लिहिलंय, आणि दोन काका अजून वर्गणीचं पुस्तक घेऊन फिरतात. पण महापालिकेच्या परवानगीशिवाय आणि दोन्ही काठांचा विचार केल्याशिवाय काम सुरू करायचं नाही, एवढं मंजूर झालं. तळमजल्यांचे मीटर वर घ्यायचे. दोन्ही बाजूंचे मिळून अकरा नंबर एका कागदावर, प्रत्येक फ्रिजवर. रात्री फोन सायलेंट करायचा नाही यावर सगळ्यात जास्त भांडण झालं. वस्तीतल्या छपरांना चुना मारायला तीस हजार निघाले, उन्हाळा अर्धा उरलाय तोवर.

आज सकाळी पुलाच्या खांबावर रंगाने दगडांचे आकडे टाकले, लेआउटच्या गच्चीवरून टॉर्च मारला तर दिसतील असे. आम्ही खालून मोजून तीन लिहिणार, तेवढ्यात वस्तीतल्या एक आजी म्हणाल्या, चुकून राहिले. सगळ्यात खालचा दगड चिखलात गेलाय, तो धरून मोजायचं. सगळे आकडे एकेक खाली सरकवावे लागले.

तर्रीपोहा
रंग कोणता? ऑरेंज?

अनुजा_नागपूर
पिवळा. दुकानात तोच होता.

पाटपाणी
आणि गाळ?

अनुजा_नागपूर
काढला. काठावर ढीग आहे. त्यावर मुलं घसरगुंडी खेळतात. अर्ज दिलाय.